फिजिशियन असिस्टंटला नियंत्रित औषधे लिहून देण्याचा अधिकार नेमका कोण देतो?

वैदेही_के

नमस्कार मंडळी. अमेरिकेतला फिजिशियन असिस्टंटचा (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा प्रशिक्षित व्यावसायिक) माझा अभ्यासक्रम आता शेवटच्या टप्प्यावर आहे. पदवी हाती आली आणि राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा पार पडली की टेक्सासमधल्या एका फॅमिली मेडिसिनच्या दवाखान्यात रुजू होण्याचा विचार आहे आणि त्यांच्याशी बोलणीही बरीच पुढे गेली आहेत. एडीएचडी (लक्ष टिकत नाही आणि अतिचंचलता असते असा विकार) असलेल्या ज्या मुलांना मिथाइलफेनिडेट किंवा अँफेटामाइन हे उत्तेजक औषध आधीपासून चालू आहे, त्यांच्या नियमित तपासण्या माझ्याकडे सोपवल्या जातील, तेव्हा डीईए, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ अंमलबजावणी यंत्रणेचा, नोंदणी क्रमांक लवकर काढून ठेवा, असे मला तिथून सांगण्यात आले आहे.

कोणते नियंत्रित औषध (दुरुपयोगाच्या धोक्यामुळे कायद्याने निर्बंध घातलेले) कोणत्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या वर्गात, मोडते, हे आम्हाला वर्गात व्यवस्थित शिकवले गेले. ते औषध लिहून देण्याचा अधिकार माझ्याकडे कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडून येतो, याबद्दल मात्र जो तो वेगळे सांगतो. काही वर्गमैत्रिणींच्या मते डीईएकडे नोंदणी झाली की सारे झाले. काहींच्या मते राज्याचा परवाना पुरेसा आहे आणि डीईए ही निव्वळ औपचारिकता. दवाखान्याच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे की डॉक्टरांबरोबरचा करार झाल्याशिवाय बाकी कशालाच अर्थ नाही. मला नुसता क्रम नको, त्यामागचे कारणही समजून घ्यायचे आहे. शिवाय एकदोन वर्षांत आम्ही फ्लोरिडाला स्थलांतर करण्याची शक्यता आहे. तसे झाले तर इथे मिळालेला अधिकार तिथे चालेल का, हेही कृपया सांगावे.


नीलिमा_पीए

वैदेही, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मूळ गोष्ट अशी की अधिकार राज्य देते आणि डीईए त्या अधिकाराची नोंद करून घेते. १९७० च्या केंद्रीय नियंत्रित पदार्थ कायद्याने औषधांची पाच शेड्यूलमध्ये वर्गवारी केली (आकडा जितका लहान तितके निर्बंध कडक). १९७३ मध्ये स्थापन झालेली डीईए त्या कायद्याची अंमलबजावणी करते. मात्र वैद्यकीय व्यवसाय कोणी करावा आणि कोणी कोणते औषध लिहावे, हे ठरवण्याचे काम या देशात पहिल्यापासून राज्यांकडे आहे. म्हणूनच, ज्या राज्यात तुम्ही काम करता त्या राज्याच्या कायद्याने तुम्हाला नियंत्रित औषधे लिहिण्याची मुभा दिलेली असेल तरच डीईए तुमची नोंदणी करू शकते, अशी अट केंद्राच्या कायद्यातच आहे. पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर (प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका) यांच्यासाठी डीईएने १९९३ मध्ये ‘मिड-लेव्हल प्रॅक्टिशनर’ हा स्वतंत्र वर्ग केला, तोही याच तत्त्वावर.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे केंटकीकडे पाहिले की लगेच लक्षात येते. पीएंची पहिली तुकडी ड्यूक विद्यापीठातून १९६७ मध्ये बाहेर पडली आणि त्यानंतर एकेका राज्याने आपापल्या गतीने नियंत्रित औषधांचा अधिकार दिला, परंतु केंटकीत तो २०२० मध्ये कायदा होईपर्यंत नव्हताच. केंद्राचा कायदा तोच होता, डीईएचा अर्जही तोच होता, पण त्या राज्यातल्या पीएला डायझेपामची एक गोळीसुद्धा लिहिता येत नव्हती. २०२० च्या कायद्यानेही त्यांना शेड्यूल ३ ते ५ एवढेच मोकळे झाले.

आता टेक्सासविषयी, आणि हे कृपया लक्षपूर्वक वाचा. टेक्सासमध्ये पीएला स्वतःचा असा स्वतंत्र प्रिस्क्रिप्शनचा अधिकार नाही. डॉक्टर आपला अधिकार लेखी कराराने त्याच्याकडे सोपवतात, म्हणून तुमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे त्या राज्यापुरते बरोबर आहे. या करारानुसार शेड्यूल ३ ते ५ मधली औषधे तुम्ही रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध घेणे) धरून जास्तीत जास्त ९० दिवसांपुरती लिहू शकता. त्यापुढे चालू ठेवायची असतील, किंवा रुग्ण दोन वर्षांहून लहान असेल, तर डॉक्टरांशी सल्लामसलत करून तशी नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत करावी लागते. शेड्यूल २ मात्र केवळ दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे रुग्णालयात, तेही निदान २४ तास राहणार म्हणून दाखल केलेल्या किंवा आपत्कालीन विभागात उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी. दुसरे म्हणजे हॉस्पिसच्या सेवेत, जिथे आयुष्याच्या अखेरच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेतली जाते.

मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामाइन दोन्ही शेड्यूल २ मध्ये आहेत. म्हणजेच बाह्यरुग्ण दवाखान्यात बसून ही औषधे तुम्ही टेक्सासमध्ये लिहू शकणार नाही, मग डीईए क्रमांक कितीही लवकर काढा. दवाखान्याने तुम्हाला जे काम सांगितले आहे त्यातला बराचसा भाग तुमच्या अधिकाराबाहेरचा आहे आणि हे रुजू होण्यापूर्वीच त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्यावे. त्यांनी जाणूनबुजून काही केले असेल असे मला वाटत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या व्यवस्थापकांना हा फरक ठाऊक नसतो, असा माझा अनुभव आहे.

क्रम असा असतो: पदवी, प्रमाणन परीक्षा, राज्याचा परवाना, त्यानंतर टेक्साससारख्या राज्यात डॉक्टरांबरोबरचा करार, आणि मग डीईएचा २२४ क्रमांकाचा अर्ज. काही राज्यांमध्ये यात आणखी एक पायरी असते. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, इलिनॉय या राज्यांत डीईएकडे जाण्यापूर्वी राज्याची स्वतंत्र नियंत्रित पदार्थ नोंदणी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात नियंत्रित औषधांविषयीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेला नसेल, तर प्रत्येक रुग्णागणिक डॉक्टरांची पूर्वसंमती लागते. अर्जात कोणती शेड्यूल हवीत त्यावर खूण करायची असते आणि तिथे राज्याने दिलेल्या मर्यादेतच राहायचे असते.

फ्लोरिडाचे सांगायचे तर तिथे पीएंना हा अधिकार १ जानेवारी २०१७ पासून मिळाला. शेड्यूल २ तिथे बाह्यरुग्णांनाही लिहिता येते, परंतु सर्वसाधारण मर्यादा सात दिवसांची आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या मनोविकारांवरील नियंत्रित औषधांसाठी वेगळे निर्बंध आहेत. तुमचे काम मुलांशी संबंधित असल्यामुळे ते कलम स्वतंत्रपणे वाचून ठेवा. टेक्सासचा अधिकार तिथे चालणार नाही. फ्लोरिडाचा परवाना आधी घ्यावा लागेल आणि मग डीईएची नोंदणी त्या राज्यावर बदलून घ्यावी लागेल. दोन्ही राज्यांत एकाच वेळी काम करायचे असेल तर दोन वेगवेगळ्या नोंदण्या लागतील.


समीर_फार्मसी

नीलिमाताईंनी कायद्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी औषधाच्या खिडकीच्या अलीकडून काय दिसते ते सांगतो, कारण अधिकाराची खरी तपासणी पुष्कळदा तिथेच होते.

पीएच्या डीईए क्रमांकाचे पहिले अक्षर ‘एम’ असते आणि दुसरे सहसा आडनावाचे आद्याक्षर असते. त्यापुढे सात आकडे येतात आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. समजा एखाद्याने १२३४५६३ असा क्रमांक लिहिला आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा आकडा मिळवले की ९ होतात. दुसरा, चौथा आणि सहावा मिळवले की १२, त्यांची दुप्पट २४. दोन्हींची बेरीज ३३, आणि तिच्या एकं स्थानी ३ आहे, म्हणजे शेवटचा आकडा जुळतो. बनावट प्रिस्क्रिप्शन पकडायला हा हिशेब आजही उपयोगी पडतो. परंतु क्रमांक खरा आहे एवढ्याने आमचे काम संपत नाही. ‘एम’ पाहिला की त्या व्यक्तीला आमच्या राज्यात हे शेड्यूल, इतक्या दिवसांसाठी, या ठिकाणाहून लिहिता येते का, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. प्रिस्क्रिप्शन योग्य वैद्यकीय कारणासाठी दिलेले आहे याची जबाबदारी प्रथम लिहिणाऱ्याची असली, तरी केंद्राच्या नियमानुसार औषध देणाऱ्या फार्मासिस्टवरही तशीच जबाबदारी आहे. त्यामुळे आम्ही अडवले तर तो आडमुठेपणा समजू नये.

बाह्यरुग्ण दवाखान्यातल्या पीएने टेक्सासमध्ये मिथाइलफेनिडेट लिहिले तर काय होते, हे मी पाहिलेले आहे. आई मुलाला घेऊन खिडकीशी उभी असते, घरातली शेवटची गोळी सकाळीच दिलेली असते, दुसऱ्या दिवशी शाळा असते. आम्ही दवाखान्यात फोन करतो, तर डॉक्टर निघून गेलेले असतात. औषध द्यायचे नाही हा निर्णय माझ्यासाठी स्पष्ट असतो, पण त्याचा भुर्दंड त्या मुलाला पडतो. अधिकाराची सीमा लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर हा प्रसंग टळतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. राज्याचा कायदा जागच्या जागी असतानाही तुमचा अधिकार बदलू शकतो, कारण औषध एका शेड्यूलमधून दुसऱ्यात जाते. हायड्रोकोडोन आणि अ‍ॅसिटामिनोफेन यांची एकत्र वेदनाशामक गोळी पूर्वी शेड्यूल ३ मध्ये होती. ६ ऑक्टोबर २०१४ पासून ती शेड्यूल २ मध्ये गेली आणि टेक्सासमधले जे पीए ती बाह्यरुग्णांना आदल्या दिवशीपर्यंत लिहीत होते त्यांना ती लिहिता येईनाशी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रामाडोल शेड्यूल ४ मध्ये आले. त्यापूर्वी केंद्राच्या दृष्टीने ते नियंत्रित औषध नव्हते, म्हणजे ते लिहायला डीईए क्रमांकही लागत नव्हता. म्हणून पाठ केलेल्या यादीवर विसंबू नका.

रिफिलच्या बाबतीतही गल्लत होते. केंद्राच्या नियमाप्रमाणे शेड्यूल २ ला रिफिल नसतेच, तर शेड्यूल ३ आणि ४ ला सहा महिन्यांत पाचपर्यंत रिफिल चालतात. नवीन पीए सवयीने ‘३० दिवस, पाच रिफिल’ असे लिहितात. डॉक्टरांच्या बाबतीत ते ठीक आहे, परंतु टेक्सासमधल्या पीएच्या बाबतीत रिफिल धरून ९० दिवस म्हणजे मूळ औषध आणि दोन रिफिल. तिसरे रिफिल आम्हाला देता येत नाही.


डॉ_आनंद

मी टेक्सासमध्ये फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर आहे आणि पीएंबरोबर असे करार केलेले आहेत, म्हणून त्या कराराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वर त्याचा उल्लेख एक पायरी म्हणून आला आहे, पण माझ्या मते रोजच्या कामात तुमचा अधिकार म्हणजे तो करारच.

टेक्सासमधली सध्याची पद्धत २०१३ च्या कायद्याने आली. करार लेखी असावा लागतो, त्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख लागते. कामाचे स्वरूप आणि ठिकाणे कोणती, कोणत्या प्रकारची औषधे लिहिता येतील किंवा कोणती लिहिता येणार नाहीत, सल्लामसलत आणि पुढे पाठवणी कशी करायची, तातडीच्या प्रसंगी काय करायचे, हे सगळे त्यात असते. शिवाय रुग्णांच्या कागदपत्रांची तपासणी आणि निदान महिन्यातून एकदा भेटून आढावा घेणे, याची तरतूद करावी लागते. रुग्णालये आणि वैद्यकीय सेवा अपुरी असलेल्या भागांसारखे अपवाद सोडले तर एका डॉक्टरला पूर्णवेळ सातजणांइतक्याच मर्यादेपर्यंत असा अधिकार सोपवता येतो. कायद्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मी देऊ शकत नाही, पण कमी देऊ शकतो. बेंझोडायझेपिन (डायझेपामसारखे चिंता कमी करणारे औषध) नव्याने सुरू करायचे असेल तर आधी माझ्याशी बोलावे, असे मी माझ्या करारांत घालतो. म्हणून, वैदेही, करारावर सही करण्यापूर्वी औषधांचे कलम शब्दन् शब्द वाचा, आणि ‘दवाखान्याच्या धोरणाप्रमाणे’ असे मोघम लिहिलेले असेल तर ते धोरण लेखी मागा.

एडीएचडीच्या मुलांसाठी आमच्याकडे पीए तपासणी करतात, वजन, रक्तदाब, झोप, भूक, शाळेचा अहवाल पाहतात आणि टिपण तयार करतात. त्यानंतर मी त्या मुलाची माहिती स्वतः पाहून, आवश्यक तर भेटून, प्रिस्क्रिप्शन माझ्या नावाने आणि माझ्या निर्णयाने देतो. हा मार्ग योग्य आहे. मात्र इथे एक घसरगुंडी आहे. कामाच्या गर्दीत ‘माझ्या लॉगिनवरून पाठवून द्या’ असे डॉक्टर सहज म्हणून जातात. टेक्सासमध्ये २०२१ पासून नियंत्रित औषधांची प्रिस्क्रिप्शने काही अपवाद वगळता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पाठवावी लागतात आणि त्यासाठी दुहेरी ओळखपडताळणी असते, म्हणजे पासवर्ड आणि त्याच्या जोडीला टोकन किंवा बोटाचा ठसा. ते टोकन दुसऱ्याच्या हाती देणे हा नियमभंग आहे, तो डॉक्टरचाही आणि वापरणाऱ्याचाही. कागदाच्या काळात सही करून ठेवलेली कोरी प्रिस्क्रिप्शने जशी निषिद्ध होती तसेच हे आहे. तुम्ही नव्या आहात आणि समोर वरिष्ठ डॉक्टर आहेत म्हणून नकार द्यायला संकोच वाटेल. तरीही नकार द्या, कारण चौकशी झाली तर परवाना तुमचा पणाला लागलेला असतो.

समीर यांच्याशी मी एका बाबतीत पूर्ण सहमत नाही. खिडकीवर होणारी अडवणूक लिहिणाऱ्याला सीमा ठाऊक असल्याने टळेल हे खरे, पण सीमाच कुठे असावी हाही प्रश्न आहे. ओपिऑइडच्या (अफूसारख्या वेदनाशामकांच्या) बाबतीत टेक्सासने घेतलेली सावधगिरी मला समजते. तीव्र वेदनेसाठी दहा दिवसांहून अधिक ओपिऑइड लिहिण्यावर २०१९ पासून डॉक्टरांनाही बंदी आहे आणि ते योग्यच आहे. परंतु वर्षभर एकाच मात्रेवर स्थिर असलेल्या मुलाचे उत्तेजक औषध चालू ठेवण्याला आणि शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोनसारखे ओपिऑइड सुरू करण्याला एकच नियम लावणे मला पटत नाही. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये पीएंसाठी डॉक्टरांबरोबरच्या कराराची सक्ती बहुतांश ठिकाणी काढून टाकली आणि यूटा व वायोमिंग यांनीही २०२१ मध्ये त्याच दिशेने कायदे केले. टेक्सासने तितके पुढे जावे असे मी म्हणत नाही, पण शेड्यूल २ मधल्या उत्तेजक औषधांपुरती तरी बाह्यरुग्णांसाठी मुभा द्यावी असे माझे ठाम मत आहे.


समीर_फार्मसी

डॉक्टरसाहेब, मुभा द्यावी याला माझा विरोध नाही. तशी ती मिळाली तर दिवसांची मर्यादा प्रिस्क्रिप्शनवरच स्पष्ट दिसेल अशी असावी, एवढेच माझे मागणे आहे. आज सर्वाधिक वेळ जातो तो रुग्णालयातून आलेले पीएचे प्रिस्क्रिप्शन कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले हे शोधण्यात.

वैदेहीताईंसाठी एक भर घालतो. ओपिऑइड, बेंझोडायझेपिन, बार्बिट्युरेट आणि कॅरिसोप्रोडॉल लिहिण्यापूर्वी राज्याच्या प्रिस्क्रिप्शन नोंदप्रणालीत रुग्णाचा इतिहास पाहणे टेक्सासमध्ये १ मार्च २०२० पासून बंधनकारक आहे आणि ते पीएंनाही लागू आहे. डीईए क्रमांक आला की त्याच दिवशी तिथे खाते उघडून घ्या. पुष्कळ जण ते राहू देतात आणि पहिल्या रुग्णाच्या वेळी अडतात.


वैदेही_के

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे. दवाखान्याशी बोलले. त्यांना शेड्यूल २ ची अट खरोखरच माहीत नव्हती. डॉक्टरांनी स्वतः मुलांची प्रिस्क्रिप्शने द्यायची आणि मी तपासणी करायची, अशी आनंद सरांनी सांगितलेली पद्धत करारात लिहून घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

आणखी दोन शंका आहेत. डीईएच्या अर्जात आठ तासांच्या प्रशिक्षणाविषयी विचारतात असे ऐकले, ते वेगळे घ्यावे लागेल का? आणि माझी एक मैत्रीण त्याच शहरातल्या रुग्णालयात रुजू होत आहे, तिला ‘आमचाच क्रमांक वापरा, स्वतःचा काढू नका’ असे सांगितले आहे. हे कायद्याला धरून आहे का?


नीलिमा_पीए

प्रशिक्षणाची अट २०२२ च्या अखेरीस झालेल्या केंद्रीय कायद्याने आली आणि २७ जून २०२३ पासून नव्या नोंदणीला किंवा नूतनीकरणाला ती लागू झाली. व्यसनाधीनतेचे विकार असलेल्या रुग्णांवरील उपचार हा तिचा विषय असून ती आयुष्यात एकदाच पूर्ण करायची असते. नोंदणीच्या आधीच्या पाच वर्षांत मान्यताप्राप्त पीए अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्या आणि त्या अभ्यासक्रमात हा आठ तासांचा भाग शिकलेल्या व्यक्तीची अट आपोआप पूर्ण होते. तुमच्या महाविद्यालयाकडून तसे लेखी पत्र आत्ताच मागून ठेवा. त्याच कायद्याने ब्युप्रेनॉर्फिनसाठी लागणारी वेगळी परवानगीही रद्द केली. पूर्वी ती मिळवण्यासाठी पीएंना २४ तासांचे प्रशिक्षण लागे आणि डॉक्टरांना आठ तासांचे. आता शेड्यूल ३ चा अधिकार असलेला पीए राज्याच्या मर्यादेत राहून हे औषध ओपिऑइडच्या व्यसनावर लिहू शकतो, आणि ज्या गावांमध्ये व्यसनमुक्तीचा एकही तज्ज्ञ नाही तिथे याचे मोल फार आहे. टेक्सासमध्ये फॅमिली मेडिसिन करणार आहात, तर हे नक्की शिकून घ्या.

मैत्रिणीला सांगितलेले नियमाला धरून आहे. रुग्णालयाच्या डीईए नोंदणीखाली तिथले कर्मचारी नियंत्रित औषधे लिहू शकतात. त्यासाठी रुग्णालय प्रत्येकाला एक अंतर्गत संकेतांक देते, तो रुग्णालयाच्या क्रमांकापुढे जोडतात, आणि फार्मासिस्टने विचारणा केल्यास पडताळून पाहता यावी म्हणून त्यांची यादी रुग्णालयाला ठेवावी लागते. मात्र राज्याने पीएला घातलेली मर्यादा तिथेही तशीच राहते आणि तो संकेतांक त्या रुग्णालयातल्या नेमून दिलेल्या कामापुरताच चालतो. शनिवार-रविवारी दुसऱ्या दवाखान्यात काम करायचे तिच्या मनात असेल, तर स्वतःची नोंदणी घ्यावीच लागेल. शुल्क तीन वर्षांसाठी ८८८ डॉलर आहे. अनेक ठिकाणी ते नोकरी देणारा भरतो, त्यामुळे तुम्ही दोघींनीही ते नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावे. नोंदणीची मुदत संपल्यावर एक महिन्यापर्यंत नूतनीकरण करता येते, परंतु त्या महिन्यात जुन्या क्रमांकावर नियंत्रित औषध लिहिणे केंद्राच्या कायद्याने निषिद्ध आहे.